मोजल्यावाचून न कळणारा वायू

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील आयोवा हे मका व सोयाबीन पिकविणारे राज्य. तेथील छोट्या गावांतील बहुतेक जुन्या घरांना तळघर असते. हिवाळ्यात मुलांचे खेळ, कपडे धुण्याचे यंत्र, क्वचित आजोबांची खोली, सारे तेथेच. याच तळघरात जमिनीतून रेडॉन हा किरणोत्सारी वायू शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही.

माती-खडकांतील युरेनियमचा क्षय होत होत रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. प्राचीन हिमनद्यांनी खडक दळून पसरविलेल्या आयोवाच्या मातीतून तो सतत बाहेर पडतो. थंडीत घरातील उबदार हवा वर चढते, तळाशी दाब कमी होतो आणि पायाच्या भेगांतून, नळांभोवतीच्या फटींतून जमिनीतील वायू आत ओढला जातो. त्यापासून होणारे सूक्ष्म किरणोत्सारी कण श्वासावाटे फुफ्फुसात जाऊन बसतात.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने प्रति लिटर ४ पिकोक्युरी ही उपाययोजनेची मर्यादा ठरविली आहे. आयोवातील सर्वच्या सर्व ९९ जिल्हे तिने सर्वाधिक धोक्याच्या गटात ठेवले आहेत. रेडॉनमुळे अमेरिकेत दरवर्षी सुमारे २१,००० मृत्यू होतात, असा तिचा अंदाज आहे. निर्व्यसनी माणसाने निर्धास्त राहावे असेही नाही. धूम्रपान न करणाऱ्यांच्या फुफ्फुसाच्या कर्करोगामागे रेडॉन हेच तेथे पहिले कारण मानले जाते. आयोवा विद्यापीठाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकाच घरात किमान २० वर्षे राहिलेल्या स्त्रियांची पाहणी झाली आणि घरातील रेडॉन व हा रोग यांचा संबंध स्पष्ट झाला.

शेजाऱ्याच्या घरातील आकडा मात्र आपल्या कामाचा नाही. माती, पाया, भेगा यांनुसार लगतच्या दोन घरांतही मोठे अंतर पडते. शेजाऱ्याच्या वहीवरून आपला ताळेबंद मांडता येत नाही, तसेच हे.

चाचणी सोपी आहे. दारे-खिडक्या १२ तास आधीपासून बंद ठेवून कोळशाची छोटी डबी राहत्या भागाच्या सर्वांत खालच्या मजल्यावर किमान दोन दिवस ठेवायची आणि लगेच प्रयोगशाळेकडे पाठवायची. विलंब चालत नाही, रेडॉन ३.८ दिवसांत निम्मा होतो. वर्षभराची सरासरी हवी असल्यास ९० दिवसांहून अधिक काळ चालणारी चाचणी अधिक विश्वासार्ह.

आकडा जास्त आला तरी घर सोडावे लागत नाही. तळघराच्या फरशीखाली नळी घालून पंख्याने वायू छपराबाहेर सोडतात व भेगा बुजवितात. नंतर पुन्हा मोजणी करून खात्री करून घेतात. खर्च होतो, पण तो एकदाच; पंख्याची वीज आणि देखभाल तेवढी चालू राहते.

ज्यांची मुले-सुना त्या भागात घर घेण्याच्या विचारात असतील, त्यांनी व्यवहारापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : रेडॉनची मोजणी झाली आहे का? कागदपत्रे तपासणारा माणूस घराची हवाही तपासून घेईल, तरच तो सौदा चोख म्हणावा.