घाण्याचं लाकूड

निपाणी-बेळगावच्या पट्ट्यात मराठीतला 'घाणा' कन्नडमध्ये 'गाण' होतो. यंत्र मात्र एकच: जमिनीत रोवलेलं लाकडी उखळ, त्यात तिरकी उभी लाट आणि तिला जोडलेली, दगडांचं ओझं पेलणारी आडवी तुळई. बैल मिनिटाला जेमतेम दोन-तीन फेरे घेतो. लाट उखळाच्या भिंतीशी शेंगदाणे रगडते. मग थोडं पाणी शिंपडतात, कारण ओल्या पिठातून तेलाचे कण सुटून एकत्र येतात. पाणी घालून तेल काढायचं, हे मला अजूनही गमतीचं वाटतं! गती संथ, म्हणून तेल फारसं तापत नाही. पण पेंडीत बरंच तेल उरतं. स्क्रूने दाबून तेल काढणाऱ्या एक्स्पेलर यंत्राने बाजी मारली ती इथंच.

गांधीजींच्या ग्रामोद्योग चळवळीत वर्ध्याच्या मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी हा घाणा सुधारला. तिकडे हॉलंडमधल्या झानसे स्खान्सला लाकडी पवनचक्की आजही तेल गाळते. तिथल्या चक्कीवाल्यांच्या कसबाला युनेस्कोने 2017 मध्ये वारसा यादीत घेतलं. इमारतीला नव्हे, चालवण्याच्या कौशल्याला. आपल्याकडे घाणा उरतो तो बहुधा हॉटेलच्या दारात, शोभेला. तेल मुरायचं थांबलं की ते लाकूड उन्हात तडकू लागतं.