भाजलेला हात: जखम भरली, पण मूठ वळते का?

‘जखम भरेपर्यंत हात अजिबात हलवू नकोस,’ असं घरचे मायेनं सांगतात. पण भाजलेला हात आखडतो तो बऱ्याचदा याच मायेपायी.

सूज आणि वेदनेमुळे हात आपसूक एका ठेवणीत जातो: मनगट लोंबतं, बोटं मुळाशी मागे ताणली जातात, पुढे आकडीसारखी वाकतात, अंगठा तळव्याला चिकटतो. रुग्णाला तसंच बरं वाटतं आणि कातडी तशीच आखडते. म्हणून स्प्लिंट नेमकी उलट बांधतात. मनगट 20 ते 30 अंश वर, बोटं मुळाशी 70 ते 90 अंश वाकवलेली, पुढे सरळ, अंगठा दूर. बँडेजही प्रत्येक बोटाला वेगळं हवं, नाहीतर बेचकं जुळून येतं.

हलवायचं म्हणजे मनाला येईल तसं नव्हे. त्वचारोपणानंतर नवी कातडी धरेपर्यंत, साधारण 5 दिवस, हात स्थिरच ठेवतात. बोटाच्या मधल्या सांध्यावर खोल भाजलं असेल, तर तिथला कंडरा तुटण्याची भीती असते. अशा वेळी थेरपिस्टनं सांगितल्याशिवाय मूठ वळवायची नाही.

‘ऑपरेशन झालं, सुटलो!’ हा तर सगळ्यात महागात पडणारा समज. शस्त्रक्रिया कातडी देते, हालचाल नव्हे. लावलेली कातडीही आकसते, पातळ असेल तर जास्तच. व्रण 12 ते 18 महिने, कधी 2 वर्षंही बदलत राहतो. तोवर व्यायाम, मालिश, रात्रीची स्प्लिंट आणि दिवसातले सुमारे 23 तास घट्ट प्रेशर ग्लोव्ह. मे महिन्यात तो काढून ठेवावासा वाटतो, यात रुग्णाचा काय दोष! पण तांब्या धरता आला म्हणजे हात सुटला, असं नाही. भाकरी थापताना तळवा सपाट पडतो का? वरणभाताचा घास उचलताना अंगठा बोटांच्या टोकांना टेकतो का? खरी परीक्षा तिथे.

दूध, अंडी, डाळ खाल्ल्यानं ‘पू धरतो’ हे साफ खोटं. जखम भरायला प्रथिनंच लागतात.

आणि वर्षानुवर्षं आखडलेल्या हाताचं आता काही होत नाही, हेही खरं नाही. आखडलेला व्रण मोकळा करून तिथे नवी कातडी लावता येते. सांधे मात्र तोवर कडक झालेले असतात, त्यामुळे उशिराचा फायदा कमी. लहान मुलांत हाडं वाढतात, व्रण तेवढा वाढत नाही. त्यामुळे वाढत्या वयात पुन्हा शस्त्रक्रिया लागली, तर पहिली फसली असं समजू नये.