कष्ट गेले, ताट तेच राहिले

सिल्लोडच्या बाजारपेठेत सकाळी दुकाने उघडू लागली की गल्ल्यावर बसणाऱ्यांत पंचेचाळिशी-पन्नाशीचे बरेच जण दिसतात. त्यांच्यातील अनेकांचे बालपण तालुक्यातल्या खेड्यांत गेले आहे. शाळेपूर्वी गुरांचे पाणी आणि सुटीत कपाशीची वेचणी, मक्याची खुडणी, मिरचीची तोडणी. आज शेत बटाईने दिलेले असते, घर शहरात असते आणि घरापासून दुकानापर्यंतचे किलोमीटरभर अंतरही मोटारसायकलवर कापले जाते. व्यायामाचा विषय निघाला की मात्र एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आपलं शरीर कष्टाचं आहे.’

ते कष्टाचे होते, हे खरे. परंतु न वापरलेला स्नायू जुन्या श्रमांच्या पुण्याईवर टिकत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत सुमारे ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि बैठ्या जीवनात ही झीज अधिक वेगाने होते. कष्ट कमी झाले. ताटातील भाकरी, पोळी आणि भाताचे प्रमाण मात्र नांगर धरणाऱ्याचेच राहिले. त्यात भर पडली ती बसल्या जागी येणाऱ्या चहाची. एका कपात दीड-दोन चमचे साखर धरली, तर सहा कपांतून ४५ ते ६० ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाकाठी सुमारे ५० ग्रॅमच्या आत असावी आणि २५ ग्रॅमच्या आत राहिल्यास अधिक चांगले.

वजनकाट्याचा भुलवा

‘माझं वजन तर वीस वर्षांत फारसं वाढलेलं नाही,’ असे समाधान मानणाऱ्यांनी पुण्यातील एक उदाहरण जरूर लक्षात ठेवावे. केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात वजन मोजणारा दोघांचाही निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता. प्रत्यक्षात युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ, आतून मेदयुक्त अशी ही आपल्याकडील अनेकांची ठेवण आहे. ही चरबी विशेषतः पोटात, यकृताभोवती साठते आणि इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते.

म्हणून चाळिशीनंतर काट्यापेक्षा शिंप्याची फीत अधिक खरे बोलते. सरळ उभे राहावे, श्वास सहज सोडावा आणि शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध माप घ्यावे. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते.

हा धोका दुखत नाही, हीच त्यातील मोठी अडचण. वाढलेली साखर अनेकांना कळते ती मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत, किंवा पायाची जखम भरून येईना तेव्हा. तोवर मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण आणि घराचे कर्ज हे सारे त्याच एका शरीराच्या भरवशावर उभे असते.

वजन न उतरताही लाभ

दिलासा देणारी गोष्ट चेन्नईतून आली. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांचा अभ्यास केला. त्यांचे सरासरी वय ४६ च्या आसपास होते. २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीचाच सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. रोज किमान अर्धा तास भरभर चालणे आणि आहारातील बदल ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. विशेष म्हणजे त्यांचे वजन फारसे घटलेच नव्हते. महिनाभर चालूनही काटा हलत नाही म्हणून निराश होणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचे आहे. काटा स्थिर असतानाही काम करणारा स्नायू रक्तातील साखर उचलत असतो.

प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ती मध्यम गती. चैत्र-वैशाखात आपल्याकडचे ऊन पाहता सूर्योदयापूर्वीच बाहेर पडावे. जेवणानंतरची शतपावली तर घरातलीच रीत आहे. ती शंभर पावलांवर न थांबवता दहा-पंधरा मिनिटांपर्यंत न्यावी. बळासाठी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकवून जोर काढणे आणि झेपतील तेवढे सूर्यनमस्कार पुरेसे आहेत. सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रसार करणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हेदेखील चाळिशीच्या सुमारासच त्यांच्याकडे नियमितपणे वळले होते.

घरातील स्त्रीविषयी ‘ती तर दिवसभर पायांवरच असते’ असे म्हटले जाते. स्वयंपाकघरातील येरझाऱ्या थकवतात खऱ्या, पण त्यांनी दम वाढत नाही की हाडांना पुरेसा भार मिळत नाही. आणि रजोनिवृत्तीनंतर हाडे वेगाने विरळ होतात. पहाटे एकटीने चालायला निघणे संकोचाचे वाटत असेल, तर शेजारच्या तिघी-चौघींनी मिळून निघावे. त्या वेळी घरातला पहिला चहा पुरुषांनी करावा, म्हणजे हा संकल्प टिकेल.

सवय जडायला किती दिवस लागतात? २१ दिवस हा आकडा लोकप्रिय आहे, पण लंडनमधील २००९ च्या एका अभ्यासात मध्यमान ६६ दिवसांचे निघाले. काहींना त्याहून पुष्कळ अधिक काळ लागला. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, हेही त्यात दिसले. लग्नसराईत किंवा सुगीत खंड पडला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा निघावे.

आरंभापूर्वी एक तपासणी मात्र आवश्यक आहे. तिशीपुढील प्रत्येकाची रक्तदाब आणि रक्तशर्करेची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात व आयुष्मान आरोग्य मंदिरात विनामूल्य होते; आशाताईंच्या अर्जात कमरेच्या मापाचाही रकाना असतो. चालताना छातीत दाटून येत असेल, तर व्यायाम थांबवून तत्काळ डॉक्टरांना गाठावे. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलून घ्यावे आणि चालताना खिशात थोडी साखर ठेवावी.

पहिल्या आठवड्यात तीनच गोष्टी कराव्यात. घरातील सर्व मोठ्यांच्या कमरेचे माप दिनदर्शिकेवर लिहावे, चहातील साखर निम्मी करावी आणि घरापासून दुकानापर्यंतचे ते किलोमीटरभर अंतर पायी जावे. मोटारसायकल रविवारी बाहेरगावी जाण्यासाठी राहू द्यावी.