हाताचे वळण आणि खिळ्यांचा हिशेब

लग्नपत्रिकांवर, मानपत्रांवर आणि शुभेच्छापत्रांवर अलीकडे हस्ताक्षराची नक्कल करणारी नाजूक टंकाक्षरे सर्रास दिसू लागली आहेत. ‘कलम’सारखा देवनागरी टंक तर विनामूल्य मिळतो. दोन-चार ओळींपुरता हा थाट साजरा दिसतो. तथापि अर्थशास्त्राची दहा पानांची टिपणे कोणी त्यात छापली, तर विद्यार्थी दुसऱ्याच पानावर थकेल. खऱ्या हस्ताक्षरात एकच ‘क’ दरवेळी किंचित निराळा उतरतो. छापील ‘क’ मात्र बहुधा तोच तो असतो, आणि हे सोंग डोळ्यांना लवकर कळते.

वस्तुतः मराठीपाशी स्वतःची धावती लिपी होती. मोडी लिहिणारा कारकून आधी ओळभर आडवी रेघ ओढी आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफीत जाई. ऱ्हस्व-दीर्घाचा काच तिला नव्हता. नागपूरकर भोसल्यांचा कारभार याच लिपीत चाले आणि आजचा वर्धा जिल्हा त्यांच्याच मुलखात होता. विल्यम कॅरीने 1810 मध्ये बंगालमधील सेरामपूरला छापलेल्या मराठी कोशासाठी मोडीचे खिळे वापरले होते. पण धावती रेघ सुट्या खिळ्यांत तोडणे हा मुळातच आतबट्ट्याचा व्यवहार होता. स्वर लागला की मोडीचे अक्षर रूप बदलते. म्हणजे प्रत्येक रूपाला निराळा खिळा! छापखान्यांनी बाळबोध पत्करली, त्यात हा हिशेब मोठा होता.

बाळबोधही स्वस्त नव्हतीच. वर्ध्यात 1936 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने काका कालेलकरांनी पुरस्कारलेली ‘अ’ची बाराखडी वापरली, ‘इ’ऐवजी ‘अि’, ‘उ’ऐवजी ‘अु’. खिळे वाचले, पण वाचकाच्या सवयीपुढे ती सुधारणा टिकली नाही. त्याच वर्षी सेवाग्रामला राहावयास आलेल्या गांधीजींनी आपल्या वाईट अक्षराची खंत आत्मकथेत नमूद केलेली आहे, आणि मुलांना अक्षरांआधी चित्रकला शिकवावी, असेही सुचविले आहे. लिपीचा प्रश्न त्यांनी खिळ्यांच्या बाजूने नव्हे, तर हाताच्या बाजूने पाहिला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

2014 मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. खिळ्यांचा खर्च संपला. टंकही फुकट मिळतो. आता दुर्मीळ आहे तो वाचक. शाळांतून मोडी शिकविणे विसाव्या शतकाच्या मध्यास बंद झाले आणि जुनी खरेदीखते, गहाणखते नातवंडांना परकी झाली. कुळाचा वा जमिनीचा पुरावा हवा असला, की लिपी जाणणाऱ्याची शोधाशोध सुरू होते, आणि तो सांगेल तेवढेच खरे मानावे लागते. महाविद्यालयांनी आठवड्यातून दोन तास मोडीला दिले, तर खर्च फारसा येणार नाही. मात्र केवळ संगणकातील सुट्या, एकसारख्या जाडीच्या अक्षरांवर विसंबून भागणार नाही. त्यावर शिकलेला विद्यार्थी बोरूने घाईत लिहिलेल्या खतापुढे पुन्हा अडखळेल. त्याच्या हाती पहिल्याच आठवड्यात जुन्या कागदाचे छायाचित्र द्यावयास हवे.