आधी गिऱ्हाईक, मग उपग्रह

जून २०२२मध्ये एका गुरुवारी पहाटे फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन-५ने ‘जीसॅट-२४’ या आपल्या टीव्ही उपग्रहाला वर नेलं आणि ठरलेला सवाल आलाच: घरचं रॉकेट असताना परक्याचं कशाला? पण या उपग्रहाचं वजन ४,१८० किलो आणि आपल्या जीएसएलव्ही मार्क-३ची भूस्थिर कक्षेच्या वाटेवर नेण्याची तेव्हाची मजल चार टनांच्या आसपास. शिवाय कुरू विषुववृत्ताला श्रीहरिकोट्याहून जवळ. त्यामुळे कक्षेचा तिरकेपणा काढायला उपग्रहाचं इंधन कमी लागतं, आणि पुढे जागेवर टिकून राहायला तेच इंधन कामी येतं. तेव्हा वाद घालायचाच तर रॉकेटवर नको, करारावर घालावा.

तोवर इस्रो आधी सरकारी पैशाने उपग्रह बांधी आणि मग ट्रान्सपाँडर वाटून दिले जात. या वेळी २०१९ साली स्थापन झालेल्या ‘न्यूस्पेस इंडिया’ या सरकारी कंपनीने मागणी तसा पुरवठा केला: केयू बँडचे सगळे २४ ट्रान्सपाँडर उड्डाणाआधीच टाटा प्ले या डीटीएच कंपनीला भाड्याने गेलेले. उपग्रहाची जागाही गिऱ्हाईक पाहून ठरली, ८३ अंश पूर्व. टाटा प्लेच्या छत्र्या आधीपासून त्याच दिशेला रोखलेल्या आहेत. महाराष्ट्रातल्या गच्च्यांवर त्या दक्षिणेकडे, जरा पूर्वेला कललेल्या दिसतात. ही जागा बदलली असती, तर त्या एकेक करून फिरवाव्या लागल्या असत्या.

यावर आक्षेप असा, की सगळे मोबाइलवर पाहत असताना १५ वर्षं आयुष्याचा टीव्ही उपग्रह हवाच कशाला? ग्राहक गळताहेत, हे खरं. कोकणातल्या धुवाधार पावसात केयू बँडचं चित्र गोठतं, हेही खरं. पण इंटरनेटवर प्रेक्षकागणिक डेटाचा भार वाढतो. उपग्रहाचं तसं नाही. ३६,००० किलोमीटरवरून येणारा तोच झोत दहा घरांनी झेलला काय नि दहा लाख घरांनी काय, वरचा खर्च तेवढाच. जिथे फायबर पोचलेली नाही, तिथे तर याला तोड नाही. माझी शंका वेगळीच आहे. गिऱ्हाईक आधी मिळालं हे उत्तम, पण ते एकच आहे. त्याचा धंदा मधेच आटला, तर उरलेल्या वर्षांचा बोजा सरकारी कंपनीवर, म्हणजे शेवटी आपल्यावर येऊ शकतो. त्यासाठी करारात काय तरतूद आहे, हे उड्डाणाच्या टाळ्यांइतकंच मोठ्याने सांगितलं जायला हवं.