मागील तारखेची नोंद : सुपरहिरोंच्या शक्ती आणि हेतू

ज्या वहीत हा अभ्यास झाला ती मुळात रोजकीर्दीची वही आहे. एका सहकारी संस्थेत मी हिशेबनीस होतो. एक कोरी वही घरी पडून होती. तिच्या छापील रकान्यांवर रेघ मारून मी चार नवी नावे लिहिली : पात्र, शक्ती, हेतू आणि छापल्याची तारीख. रद्दीच्या दुकानांत मिळालेले जुने इंग्रजी अंक आणि पुढे विकत घेतलेले पुनर्मुद्रित संग्रह शब्दकोश शेजारी ठेवून वाचले आणि नोंदी करत गेलो. साहित्याचे किंवा इंग्रजीचे रीतसर शिक्षण माझ्याकडे नाही. हिशेबाची सवय तेवढी आहे. व्यवहार घडल्याची तारीख वेगळी आणि तो वहीत चढल्याची तारीख वेगळी, हे त्या सवयीने शिकवले. या लेखाचा सगळा आधार तेवढाच.

माझ्या पिढीला असा नायक प्रथम भेटला तो ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधला वेताळ. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेल्या या नायकाला कुठलीही अलौकिक शक्ती नाही. आहे ती कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ, आणि ती एकवीस पिढ्या चालत आलेली. फॉक यांनी त्याची गोष्ट सहा दशकांहून अधिक काळ लिहिली आणि शपथ तीच राहिली. एकाच माणसाच्या हातात वही असली की खाडाखोड कमी होते.

अमेरिकेतल्या मोठ्या कॉमिक्स कंपन्यांचे तसे नाही. तिथे पात्र कंपनीच्या मालकीचे असते, लेखक बदलत राहतात आणि सगळी पात्रे एकाच जगात वावरतात. मार्व्हलचे आजचे कथाविश्व १९६१ च्या ‘फॅन्टॅस्टिक फोर’पासून उभे राहिले. मार्च १९६३ मध्ये स्पायडरमॅनच्या स्वतंत्र मासिकाचा पहिला अंक निघाला, त्यात तो याच चौघांच्या दारात जातो. कशासाठी? नोकरीसाठी. काका गेलेले, घरात पैसा नाही. इथे पगार मिळत नाही हे कळल्यावर तो परत फिरतो. भिंतीवर चढणाऱ्या पोराला घरभाड्याची काळजी आहे, ही गोष्ट त्याच्या शक्तीपेक्षा वाचकांच्या जास्त लक्षात राहिली असावी असे मला वाटते.

माझी वही भरत गेली तशी एक गोष्ट दिसू लागली. शक्तीचा रकाना आधी भरतो आणि हेतूचा रकाना बहुधा मागाहून. बॅटमॅन पहिल्यांदा छापला गेला मे १९३९ च्या अंकात. त्याच्या आईवडिलांचा डोळ्यांदेखत झालेला खून मात्र त्याच वर्षीच्या नोव्हेंबरच्या अंकात येतो. कथेत खून आधी घडतो. छापखान्यात बॅटमॅन आधी आणि त्याचे दुःख सहा महिन्यांनी. सुरुवातीच्या काही गोष्टींत तो पिस्तूल वापरतो, माणसेही मारतो. ते पुढे थांबवले गेले तो संपादकीय निर्णय होता. पण कथेच्या आत त्या निर्णयाला आधार मिळाला तो रस्त्यात झाडलेल्या त्या गोळीचा. ज्याचे आईवडील बंदुकीने गेले तो बंदूक हातात घेणार नाही, हे कोणालाही पटते.

यातून शक्ती आणि हेतू यांचा संबंध उलगडतो. पात्र काय करू शकते हे शक्ती सांगते. ते काय करणार नाही हे हेतू सांगतो. शक्ती वाढवणे सोपे असते. १९३८ मधला सुपरमॅन उडत नव्हता, फक्त मैलाच्या आठव्या भागाएवढी झेप घेत होता. उडणे नंतर आले. मार्व्हलने १९८३ मध्ये पात्रांची अधिकृत माहितीपुस्तिका काढली. त्यात कोण किती टन उचलतो याच्याही नोंदी आहेत. स्पायडरमॅन सुमारे दहा टन. अनेक लेखक एकाच जगात लिहीत असतील तर अशी मापे लागतातच, नाहीतर या महिन्यात दहा टन उचलणारा पुढच्या महिन्यात मोटारीखाली अडकायचा. हेतूला मात्र टनाचे माप नाही. प्रत्येक नवा लेखक हात घालतो तो म्हणून त्याच रकान्यात.

अपवाद स्पायडरमॅनचा. ऑगस्ट १९६२ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी अकरा पानांत दोन्ही रकाने भरून टाकले. शक्ती मिळते, पोरगा तिच्यावर पैसे कमावतो, पळणाऱ्या चोराला अडवत नाही आणि तोच चोर पुढे त्याच्या काकांचा जीव घेतो. शक्तीबरोबर जबाबदारीही येते, हे प्रसिद्ध वचन मूळ कथेत निवेदकाचे आहे. ते काकांच्या तोंडी गेले नंतर. एवढ्या घट्ट विणलेल्या कथेतही मागील तारखेची एक नोंद शिरलीच.

काही नोंदी बदलल्या तरी ताळा बिघडत नाही. आयर्नमॅन १९६३ मध्ये जखमी होतो व्हिएतनाममध्ये, २००८ च्या चित्रपटात अफगाणिस्तानात. युद्ध बदलले तरी गाभा तोच : युद्धात जखमी झालेला शस्त्रांचा कारखानदार. पण एक पात्र असे आहे की ज्याची तारीख पुढे सरकवताच येत नाही. तो मॅग्नेटो.

लोखंड वाकवणारा मॅग्नेटो १९६३ मध्ये ‘एक्स-मेन’च्या पहिल्याच अंकात आला. सामान्य माणसांवर उत्परिवर्तितांचे राज्य हवे, एवढाच त्याचा हेतू. त्याच्या टोळीच्या नावातच ‘दुष्ट’ हा शब्द आहे. खरा दुष्ट माणूस स्वतःला दुष्ट म्हणवून घेत नाही, पण तेव्हाच्या खलनायकांना तेवढे मन दिलेले नसे. १९७५ पासून ही मालिका ख्रिस क्लेअरमॉंट लिहू लागले. १९८१ च्या दीडशेव्या अंकात मॅग्नेटो जगाला अण्वस्त्रे टाकून देण्याची धमकी देतो, एक रशियन पाणबुडी माणसांसकट बुडवतो आणि लढाईत किटी प्राइड या कोवळ्या मुलीवर घाव घालतो. ती मेली असे वाटून तो थांबतो. आपण आउशवित्झच्या छळछावणीत वाढलो, आपली माणसे तिथे मारली गेली, हे तेव्हा वाचकाला कळते. माझ्यासारख्यांना कोणी पुन्हा असे मारू नये म्हणून लढायला निघालेला माणूस एका लेकराच्या अंगावर हात टाकून बसलेला असतो.

हिशेबनीस म्हणून या नोंदीचे मला विशेष वाटते. चुकलेला आकडा खोडायचा नसतो, दुरुस्तीची वेगळी नोंद घालायची असते. जुना आकडा दिसत राहिला पाहिजे. क्लेअरमॉंट यांनी नेमके तेच केले. १९६३ पासूनचा एकही गुन्हा खोडला नाही, त्यांच्या मागे एक कारण जोडले. १९८५ च्या दोनशेव्या अंकात पॅरिसमध्ये मॅग्नेटोवर खटला चालतो, पाणबुडीचा हिशेबही त्यात निघतो. हल्ला होऊन खटला अर्धवट राहतो आणि तो झेवियरची शाळा सांभाळायला जातो. निकाल न लागलेला माणूस मुलांना शिकवू लागतो.

१९९१ मध्ये मात्र एक वेगळीच नोंद येते. मध्यंतरी एकदा मॅग्नेटोचे तान्हे बाळ झाले होते. तेव्हा एका शास्त्रज्ञ बाईने त्याच्या शरीरात असा बदल केला की तो चांगला निघावा, असे उघड होते. म्हणजे शाळेतली ती वर्षे त्याची स्वतःची नव्हतीच? तीन अंकांच्या या कथेच्या अखेरीस उत्तर मिळते : शक्ती वापरताच तो बदल पुसला जातो, तेव्हा त्याने जे केले ते त्याचेच. क्लेअरमॉंट त्याच कथेनंतर मालिकेतून बाहेर पडले. जाताना त्यांनी मॅग्नेटोचे पुण्य त्याच्या नावावर ठेवले आणि पापही.

मराठी वाचकाला हे अपरिचित नाही. शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाच्या मनात शिरून त्याला हेतू दिले, इरावतीबाई कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये त्याच कर्णाकडे कोरड्या नजरेने पाहिले. द्रौपदीच्या वस्त्रहरणावेळचा कर्ण मात्र दोन्ही पुस्तकांच्या आधीपासून वहीत आहे आणि तो खोडता येत नाही.

हे सगळे मी का लिहितो, ते सांगायला हवे. नोकरीत असताना माझ्या शेजारी बसणाऱ्या एका सहकाऱ्याच्या रोखीत तूट निघाली. ती मीच काढली. घरात दुखणे होते, पैसे तिथे गेले होते, हे मला नंतर कळले. कळल्यावर त्याच्या डोळ्यांत पाहणे अवघड झाले. तरी तुटीचा आकडा मी बदलला नाही. बदलता आलाही नसता. अहवालाखाली मात्र चार ओळी त्याच्या परिस्थितीच्या लिहिल्या. तेव्हा काहींना तो भाबडेपणा वाटला आणि काहींना ती चार ओळींची कंजुषी वाटली. त्याची नोकरी गेली. मी बरोबर केले का, हा प्रश्न बरीच वर्षे माझ्याबरोबर आहे.

मॅग्नेटोच्या नोंदी करताना वाटले की मला निदान रीत सापडली आहे. कारण कळले म्हणून देणे फिटत नाही. पण देणे फिटले नाही म्हणून कारण लिहायचेच नाही, हाही हिशेब खोटाच. आजकालच्या अनेक चित्रपटांत खलनायकाला एक दुःखी बालपण दिले की काम झाले असे मानतात. तिथे कारण जुन्या आकड्यावर पांढऱ्या शाईसारखे फासले जाते. चांगला लेखक दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवतो आणि बेरीज वाचकावर सोडतो.

माझ्या वहीतल्या शक्तीच्या रकान्याला आता कोणी फारसे विचारत नाही. ती माहिती हल्ली सहज मिळते. हेतूच्या रकान्यात मात्र अजून जागा ठेवलेली आहे. मॅग्नेटोच्या नावापुढे चार तारखा झाल्या आहेत, १९६३, १९८१, १९८५ आणि १९९१, आणि त्याखालची ओळ मी मुद्दाम कोरी सोडली आहे.