पोकरचे नवे वर्ष आणि औषधांची यादी

नवे वर्ष जवळ आले की पोकरच्या स्पर्धांची वेळापत्रके चाळली जाऊ लागतात. लास व्हेगासमध्ये १९७० साली सुरू झालेल्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’मध्ये पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी स्वतंत्र सामना असतो, गोव्यात मांडवीतील कॅसिनो-जहाजांवरही पोकर खेळले जाते. घरातील ज्येष्ठ असा बेत आखत असतील, तर पैशांच्या हिशेबाआधी त्यांच्या औषधांची यादी पाहावी.

कंपवातावरील प्रामिपेक्झोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांमुळे काही रुग्णांत जुगाराची अनिवार ओढ निर्माण होते. आयुष्यभर पत्त्यांना न शिवलेला माणूसही लपूनछपून पैसे लावू लागतो. हा स्वभावदोष नव्हे, औषधाचा दुष्परिणाम होय. म्हणून रुग्णावर रागावू नये. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. औषध मात्र परस्पर बंद करू नये. डॉक्टर मात्रा क्रमाक्रमाने कमी करतात आणि बहुधा ही ओढही ओसरते.

इतर ज्येष्ठांनी दर तासाला उठून थोडे चालावे. फार वेळ बसून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. मधुमेहींनी जेवणाची व इन्सुलिनची वेळ चुकवू नये. एखादा डाव हुकला, तरी पुढचा येतोच.